अंगठ्याच्या मुळाचं ऑपरेशन करायचं की नाही, हे कसं ठरवावं

अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आल्यासारखं दिसतं, बाटलीचं झाकण फिरवताना तिथून कळ जाते, आणि एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणतात, सांधा झिजलाय, ऑपरेशन करता येईल. इथवर येऊन अडलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मी इंदूरला रामबागेत ब्लाउज शिवते. उजव्या अंगठ्याचं ऑपरेशन करून घेतलं, डाव्याचं केलं नाही. दोन्ही हातांचे एक्स-रे एकाच दिवशी काढले होते आणि झीज दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, की नुसता एक्स-रे पाहून ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

डॉक्टर या झिजेचे चार टप्पे मानतात. पण टप्पा आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. चौथ्या टप्प्यातली बाई रोजचं सगळं उरकत असते आणि दुसऱ्या टप्प्यातली रात्रभर हात कुरवाळत बसते, असंही असतं. शिवाय हे घाईचं दुखणं नाही. काही महिने थांबलात म्हणून ऑपरेशनची वेळ टळून गेली, असं सहसा होत नाही. तेव्हा कुणी घाई केली तरी तुम्ही करू नका.

मुळात हा सांधाच का झिजतो, तेही समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. मनगटाजवळ ट्रॅपेझियम नावाचं लहानसं हाड असतं. त्यावर अंगठ्याचं लांब हाड घोड्याच्या पाठीवरल्या खोगिरासारखं बसतं, म्हणून अंगठा चहूकडे फिरतो आणि प्रत्येक बोटाला टेकतो. चिमटीच्या टोकाशी एक किलोचा जोर लावला, तर मुळाशी सुमारे १२ किलोचा दाब पडतो. दुधाची पिशवी फोडणं, कुलपात किल्ली फिरवणं, सुईला कापडातून ओढून घेणं, सगळं त्या एका जागी येऊन पडतं. पाळी गेल्यानंतरच्या वयात बायकांमध्ये हे दुखणं जास्त दिसतं.

दुखण्याची जागा आधी पक्की करा

अंगठ्याजवळ दुखायला कारणं पुष्कळ, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवल्यावर मनगटाच्या कडेला जोराची कळ आली, तर बहुधा तिथल्या कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणाला सूज असते. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटात नस दबत असू शकते. अंगठा वाकवल्यावर अडकून खटकन सुटत असेल, तर ते ट्रिगरचं दुखणं. सकाळी बरेच सांधे सुजलेले आणि तासभर आखडलेले असतील, तर आधी आमवाताच्या तपासण्या करून घ्या.

मुळाचा सांधा तपासताना डॉक्टर अंगठ्याचं लांब हाड धरून किंचित आत दाबतात आणि गोल फिरवतात. सांधा झिजलेला असेल तर करकर होते आणि आपलं ओळखीचं दुखणं तिथेच उठतं. मी पहिल्यांदा जिथे गेले तिथे माझ्या हाताला हात न लावताच तारीख सांगितली. मी ती न घेता दुसरीकडे गेले. हाताची ऑपरेशनं नेहमी करणारे ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जन शोधा, आणि हे ऑपरेशन वर्षाकाठी किती वेळा करता, असं सरळ विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. दुसऱ्या मतासाठी खाजगीत पैसे घालायचे नसतील, तर आमच्याकडे एमवायसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयातली ऑर्थोपेडिकची ओपीडी आहेच.

तीन महिने मनापासून साधे उपाय

ऑपरेशनचा विचार याच्यानंतर. २००१ साली स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. याच सांध्याच्या ऑपरेशनसाठी रांगेत असलेल्या ३३ जणांना स्प्लिंट, कामाची सोयीची साधनं आणि हात कसा वापरावा याचं शिक्षण दिलं. सात महिन्यांनी त्यातल्या २३ जणांना ऑपरेशनची गरज वाटेनाशी झाली, आणि पुढच्या सात वर्षांत त्यांच्यापैकी फक्त दोघांना ते करावं लागलं. अभ्यास लहान आहे, पण मला त्याचा मोठा आधार वाटला.

स्प्लिंट म्हणजे अंगठ्याच्या मुळाला धरून ठेवणारा पट्टा. मेडिकलच्या दुकानात तयार मिळतो, तो पुष्कळदा मनगट जखडतो आणि मूळ सैलच ठेवतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे गरम पाण्यात मऊ करून तुमच्याच हातावर बसवलेला प्लास्टिकचा स्प्लिंट घ्या. त्यात मनगट मोकळं राहायला हवं आणि अंगठ्याचं टोकही. तो जोराच्या कामाच्या वेळी आणि हवा तर रात्री घालायचा. दिवसभर बांधून ठेवला तर हात आळसावतो.

व्यायाम थेरपिस्टकडूनच शिका. मला अंगठा आणि तर्जनीमधला आखडलेला मांसल भाग चोळून सैल करायला, अंगठ्याने गोल 'सी' आकार धरायला आणि तर्जनी रबरबँडच्या ताणाविरुद्ध बाहेर ढकलायला शिकवलं. रबरी चेंडू दाबायचा सल्ला शेजारीपाजारी सगळे देतात. चिमटीत जोर पडेल असा कुठलाही व्यायाम मनाने करू नका.

आणि घरातली साधनं बदला. हे फुकटातलं औषध आहे, पण बायका याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात. चमच्या-सुरीच्या मुठी जाड करून घ्या, झाकणाला रबराचा तुकडा लावा, पिशवी कात्रीने फोडा, भाजीची पिशवी बोटांत न लटकवता कोपरावर अडकवा, किल्लीला मोठी मूठ लावा. कणीक तिंबताना अंगठा न रोवता तळहात वापरा, किंवा ते काम सरळ दुसऱ्याकडे द्या. दिवाळीत चकलीच्या सोऱ्याचा दांडा आमच्याकडे आता मुलगा फिरवतो.

दुखऱ्या जागी डायक्लोफिनॅकचं मलम लावता येतं. पोटातून घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः बीपी, मूत्रपिंड किंवा अॅसिडिटीचा त्रास असेल तर. स्टेरॉइडचं इंजेक्शन काहींना काही आठवडे, काहींना काही महिने आराम देतं. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर चढते, हे लक्षात ठेवा. ऑपरेशन जवळ आलं असेल तर इंजेक्शन घेऊ नका. जंतुसंसर्गाच्या भीतीने सर्जन मध्ये साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवतात. पीआरपीची (आपल्याच रक्तातून काढलेल्या द्रवाची) महागडी इंजेक्शनं कुणी सुचवली, तर या सांध्यासाठी त्यांचा ठोस पुरावा अजून नाही, हे जाणून मग खिशात हात घाला.

कॅलेंडरवरच्या खुणा

माझा निर्णय झाला तो स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. डॉक्टर विचारतात, "दहापैकी किती दुखतं?" आणि आपण त्या दिवशी जसं असेल तसं सांगून मोकळ्या होतो. त्यापेक्षा रोज झोपताना तारखेच्या चौकोनात खुणा करा. उजव्या हाताच्या वर, डाव्याच्या खाली. दुखण्याने रात्री जाग आली तर चंद्रकोर, गोळी घ्यावी लागली तर टिंब, हातातलं काम टाकून उठावं लागलं तर फुली, आणि फुलीपुढे कामाचं नाव. तीन महिने स्प्लिंट आणि बाकी सगळं चालू ठेवून हे करा.

मग पानं समोर ठेवून फुल्यांपुढचे शब्द वाचा. 'कणीक', 'सोऱ्या', 'नारळ खवणं', 'डब्याचं झाकण' असेच शब्द असतील, तर त्यातलं बहुतेक काम साधन बदलून किंवा माणूस बदलून सुटतं. त्यासाठी हाताला चीर देऊ नका. पण ज्यावर पोट आहे, किंवा जे दुसऱ्याला देताच येत नाही, त्याच कामापुढे फुल्या पडत असतील, चंद्रकोरीही कमी होत नसतील, आणि तिसऱ्या महिन्याचं पान पहिल्यासारखंच भरलेलं असेल, तर ऑपरेशनची गोष्ट काढायला हरकत नाही.

माझ्या डाव्या हाताच्या रांगेत लग्नसराईपुरती टिंबं होती. उजव्या हाताच्या रांगेत पुन्हा पुन्हा 'कटिंग' आणि 'काठ' हेच शब्द. कटोरी ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, कापताना कात्री पूर्ण उघडत नाहीत. छोटे छोटे घास घेत, अंगठ्याने वरचं पातं आत दाबून धरत गोलाई वळवतात. माझा हात नेमका तिथे थांबायचा आणि कड दातेरी निघायची. माहेश्वरीचा काठ बाहीला हाताने टाचताना सुई दोन बोटांत धरून ओढायची म्हणजे डोळ्यांत पाणी यायचं. सरळ कापायला विजेवरची कात्री घेतली, तिने पुष्कळ हलकं झालं, पण रेशमी कापडाच्या गोलाईला ती चालत नाही. शिकाऊ मुलीकडे शिलाई देता येते. पण गिऱ्हाईक माझ्याकडे येतं ते माझ्या कटिंगसाठी. शिवाय रात्रीची झोप गेली होती ती वेगळीच. ही पानं मी डॉक्टरांपुढे ठेवली, तेव्हा उजव्याचं करू आणि डाव्याचं राहू दे, यावर आमचं लगेच एकमत झालं.

ऑपरेशन काय देतं आणि काय देत नाही

ते मुख्यतः दुखणं घालवतं. बहुतेकांना तिथे चांगलाच आराम पडतो. ताकदीचं तसं नाही. दुखायचं थांबल्यामुळे हात जास्त वापरता येतो, म्हणून पकड सुधारल्यासारखी वाटते, पण चिमटीचा जोर तरुणपणीसारखा परत येईलच असं नाही. अंगठा किंचित आखूड होतो. दुखत नाही, फक्त जोर कमी झालाय, एवढीच तक्रार असेल, तर हे ऑपरेशन तुमच्यासाठी नाही.

सगळ्यात जास्त होतं ते ट्रॅपेझियम काढून टाकायचं ऑपरेशन. १९४९ मध्ये गर्व्हिस या ब्रिटिश सर्जनने ते पहिल्यांदा मांडलं, आणि ते आजही चालतं. काही सर्जन नुसतं हाड काढतात. काही त्या मोकळ्या जागी मनगटाजवळच्या कंडरेचा पट्टा घेऊन अंगठ्याला टेकू देतात. या दोन्हींची तुलना करणारे अभ्यास बरेच झाले आहेत, त्यांत आराम किंवा हाताचा वापर या बाबतीत एक पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरलेली नाही. त्यामुळे कुठली पद्धत 'लेटेस्ट' आहे हे विचारू नका. हे डॉक्टर कुठली पद्धत नेहमी करतात आणि का, ते विचारा. सांधा कायमचा जोडून टाकणं हा आणखी एक मार्ग. तरुण आणि जड हाताची कामं करणाऱ्यांसाठी तो विचारात घेतात. अंगठा भक्कम होतो, पण तळहात टेबलावर सपाट टेकत नाही. मला सुईचं बारीक काम करायचं, म्हणून तो बाद केला. कृत्रिम सांधाही बसवतात. त्याने सुरुवातीला हात लवकर चालतो, पण तो सैल होऊ शकतो किंवा निखळू शकतो. सुचवलं तर हे दोन्ही धोके नीट समजावून घ्या.

धोके सगळ्याच पद्धतींत आहेत. जंतुसंसर्ग, अंगठ्याच्या पाठीवरची नस दुखावून येणारा बधिरपणा, आणि क्वचित हात सुजून, लाल होऊन, भाजल्यासारखा दुखत राहणं. या शेवटच्याची सुरुवात दिसली तर थांबू नका, फोन करा. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट यातलं काही असेल तर आधी सोडा, जखम भरायला अडचण येते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना न विसरता सांगा.

घरची तयारी ही निर्णयाचाच भाग

साधारण चार ते सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये किंवा पक्क्या स्प्लिंटमध्ये राहतो. हलकी कामं बरी जमायला तीन महिने लागतात. ताकद सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत सुधारत राहते. या काळात तुमच्या घरी कोण आहे? याचं नीट उत्तर नसेल तर तारीख पुढे ढकला. दुखणं तुमची वाट पाहील, पण प्लास्टरमधल्या हाताला एकटीने सांभाळणं फार जड जातं.

महिना कामाकडे पाहून निवडा. मी आषाढ निवडला. मुहूर्त संपलेले असतात, लग्नाचे ब्लाउज दिलेले असतात, आणि गौरी-गणपतीच्या ऑर्डरी सुरू व्हायला वेळ असतो. पावसात प्लास्टर भिजू नये म्हणून आंघोळीला आणि बाहेर जाताना प्लास्टिकची लांब पिशवी वरून घट्ट बांधायची.

उजवा हात असेल तर जेवण डाव्या हाताने आणि चमच्याने होतं. डावा असेल तर संडासात जेट स्प्रे आधी बसवून घ्या. गुंडी-हुकाचे कपडे टाळा, पुढून चेन असलेले गाऊन शिवून ठेवा. वेणी घालायला कुणीतरी लागतं. बँकेच्या सह्या, चेक, मुदत ठेवीचे कागद आधी उरका, कारण प्लास्टरमधल्या हाताची सही जुळत नाही. रेशनला किंवा कुठे अंगठा लावायचा असेल, तर दुसऱ्या बोटाचा ठसा चालतो का, ते विचारून ठेवा. अंगठी आणि बांगड्या आदल्या दिवशीच काढा. पाटल्या पुष्कळ वर्षांच्या असतील आणि निघत नसतील तर सोनाराकडे जा. सूज आल्यावर त्या कापाव्या लागतात. स्कूटर कधी चालवायची हे डॉक्टरांच्या होकारावर.

खर्च विचारताना आकडा एकत्र मागू नका. सर्जन, भूल, खोली, स्प्लिंट आणि नंतरची थेरपी, प्रत्येकाचं वेगळं विचारा. थेरपीचे पैसे बहुतेक पॅकेजबाहेर असतात, आणि थेरपीशिवाय हे ऑपरेशन अर्धंच आहे. मेडिक्लेम असेल तर त्याच दिवशी घरी पाठवणार असले तरी मंजुरी आधी घ्या. आयुष्मान कार्ड असेल तर हे ऑपरेशन त्या रुग्णालयात त्यात बसतं का, हे काउंटरवरून लेखी घ्या. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न लावता हे कार्ड आता मिळतं.

नंतरचे दिवस

ऑपरेशन बहुधा हात बधिर करून होतं, पूर्ण भूल लागतेच असं नाही. पहिले दिवस हात हृदयाच्या वर राहील असा उशीवर ठेवा आणि मोकळी बोटं हलवत राहा, नाहीतर ती आखडतात. बोटं निळी पडली, बधिर झाली, प्लास्टर आवळायला लागलं, ताप आला किंवा पू दिसला, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच जा.

माझ्या अंगठ्याच्या पाठीवर बरेच दिवस झिणझिण्या होत्या. पदर लागला तरी करंट बसायचा. थेरपिस्टने सांगितलं, त्या जागेला रोज थोडा थोडा स्पर्श शिकवा, मऊपासून खरखरीतपर्यंत. माझ्याकडे चिंध्यांना काय तोटा! आधी मलमल, मग साटीन, मग खण, शेवटी गोणपाटाचा तुकडा, असं दिवसातून काही वेळा दोन-दोन मिनिटं हलक्या हाताने चोळत गेले. झिणझिण्या हळूहळू उतरल्या.

गणपतीत मी शिकाऊ मुलीला खडूने आखून दिलं आणि तिने कापलं. दिवाळीच्या ऑर्डरींत सुती कापडाचा मुंढा स्वतः कापायला लागले. चंद्रकोरी तोवर पार गेल्या होत्या. अस्तरासकट चार पदर एकदम कापायला मात्र हात अजूनही पुरत नाही, ते दोन वेळा करून कापते. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण मी उघडत नाही. ओला टॉवेल पिळत नाही, नळाला गुंडाळून पीळ देते. हे असं राहू शकतं, हे माझ्या डॉक्टरांनी मला संमतीपत्रावर सही करण्याआधीच सांगितलं होतं. तुम्हीही तुमच्या फुल्यांपुढची कामं एकेक करून त्यांना वाचून दाखवा, आणि त्यातलं कुठलं नक्की जमेल, कुठलं कदाचित आणि कुठलं नाही, ते प्रत्येकापुढे लिहून घ्या.